सायकल दाखवण्याचा कार्यक्रम

पोह्यांच्या बशा मांडलेला ट्रे घेऊन मी बाहेरच्या खोलीत आले, तेव्हा तिथे मला बघायला आलेल्या मुलाची आत्या सोडून कोणीच नव्हतं.

मान खाली घालायची, हळू चालायचं आणि ट्रे आधी मुलासमोर धरायचा, असं आईनं मला दोनदा पढवलं होतं. मी मान खाली घालून हळूहळू चालत गेले आणि ट्रे धरला तो रिकाम्या खुर्चीसमोर.

"इकडं आण पोरी," आत्या म्हणाल्या. "खुर्ची काय खाणार हाय?"

"ते कुठे गेले?"

"मुकुंदा व्हय? तुझे वडील त्याला मोरीत घेऊन गेलेत."

"मोरीत?"

"सायकल घेऊन."

आई माझ्या मागोमाग आली होती. तिनं कपाळाला हात लावला. मोरीचं दार आतून बंद होतं आणि फटीतून पिवळा उजेड दिसत होता. आत अण्णांचा आवाज घुमत होता. "बघा, चाक हळू केलं तरी दिवा मिणमिणत नाही. आता तुम्ही फिरवा पायडल. फिरवा हो, लाजू नका!"

"काय चाललंय म्हणायचं आत?" आत्यांनी विचारलं.

"दिवा दाखवतायत," आई म्हणाली. "उजेडात नीट दिसत नाही ना, म्हणून मोरीत नेतात."

आत्यांनी ट्रेमधली एक बशी उचलली, चमच्यानं पोह्यांवरचं खोबरं सारखं केलं आणि म्हणाल्या, "आमच्याकडंबी हीच तऱ्हा हाय." मग शांतपणे खायला लागल्या.

ही गोष्ट त्र्याऐंशी सालची. दिवाळी होऊन पंधरा दिवस झाले होते. अण्णा म्हणजे माझे वडील, विनायक पोरे, कालवा निरीक्षक होते. फलटणच्या पुढे कालव्याच्या कडेला सहा सरकारी घरांची वसाहत होती, त्यातलं शेवटचं घर आमचं. रोज चौदा किलोमीटर कालवा सायकलवरून बघून यायचा, कुठे पाझरतोय, कुणी रात्रीत दार वर केलंय, त्याची नोंद करायची, ही अण्णांची नोकरी. त्यामुळे सायकल त्यांना लागायचीच. पण लागणं वेगळं आणि अण्णांचं वेगळं.

ती सायकल माझ्यापेक्षा तीन वर्षांनी मोठी होती आणि घरात तिचा मान थोरल्या मुलीचा होता. काळी, उंच, अठ्ठावन्न सालची. तिला बाहेरच्या खोलीत जागा होती. तिच्यावर आईच्या इरकली लुगड्याचं कव्हर असायचं. अण्णांची जुनी बनियनं आधी तिच्याकडे जायची, मग फरशीकडे. तिच्या कॅरिअरवर कोणी बसायचं नाही, कारण डबलसीटनं मागच्या चाकाच्या तारा ताणतात. आणि तिला कोणी हात लावायचा नाही. का, ते अण्णांनी कधी सांगितलं नाही. देवाला पाय का लावायचा नाही हेही कोणी सांगत नाही.

त्या दिवशी सकाळी आई म्हणाली होती, "आज तरी तिला मागच्या पडवीत ठेवा. पाहुणे उजूला बघायला येणारेत."

"मग हिची काय अडचण आहे त्यांना?" असं म्हणून अण्णांनी सायकल दारासमोर आणली, कव्हर काढून घडी करून ठेवलं आणि पुढचं चाक किंचित तिरकं केलं. असं तिरकं केलं की हँडलवर ऊन पडायचं.

मुकुंद खटावकर आले तेच सायकलवरून. ते लोणंदला एका हायस्कुलात चित्रकला शिकवायचे. आई-वडील लहानपणीच गेलेले, आत्यांनी वाढवलं. आत्या एस.टी.नं आल्या आणि हे पंचवीस किलोमीटर पायडल मारत आले. मी स्वयंपाकघराच्या पडद्याआडून बघत होते. माणूस काडीसारखा, केस वाऱ्यानं उभे राहिलेले, पँटच्या पायांना क्लिपा. उंबऱ्याशी त्यांनी एक चप्पल काढली आणि दुसरी काढायचे थांबले. अण्णा हात जोडून उभे होते. त्यांच्याकडे यांनी बघितलंच नाही.

"गिअरकेस मूळची?" साखळीवरच्या झाकणाकडे बोट करून त्यांनी विचारलं.

अण्णांचे जोडलेले हात खाली आले. "अठ्ठावन्न सालची. एक पोचा दाखवा, म्हणाल ते हरेन."

"हात लावू?"

पंचवीस वर्षांत अण्णांना असं रीतसर कोणी विचारलं नव्हतं. त्यांनी बाजूला सरून जागा करून दिली. "लावा की! परके का आहात?"

पडद्याआड माझ्या अंगाची आग झाली. मला त्या सायकलला हात लावायची परवानगी बावीस वर्षांत मिळाली नव्हती, आणि हे गृहस्थ एका चपलेत आत येऊन घरचे झाले होते.

त्या आगीला आणखी एक कारण होतं. आठ दिवसांपूर्वी मला एक पत्र आलं होतं. आमच्यापासून नऊ किलोमीटरवर, कालव्याच्याच वाटेवर, माळवाडी नावाचं गाव आहे. तिथल्या शाळेत मला शिक्षिकेची जागा मिळाली होती. सोमवारी हजर व्हायचं होतं. तिकडे एस.टी. जात नव्हती. पत्र वाचून अण्णा एवढंच म्हणाले होते, "जाणार कशी?"

"सायकलवरून."

"कोणाच्या?"

तिथे बोलणं संपलं. अण्णांनी पत्र घडी घालून घड्याळामागे ठेवलं आणि म्हणाले, "लग्न ठरलं की तिकडचे बघतील काय ते." त्यांनी 'तुला चालवता येते का' असंही विचारलं नाही. विचारलं असतं तर पंचाईत होती, कारण मला येत होती. अण्णा तालुक्याला मीटिंगला गेले की कालव्याचं पाणी सोडणारे पाटकरी सोपानकाका मला आपली खडखडणारी सायकल द्यायचे आणि स्वतः बाभळीखाली तंबाखू मळत बसायचे. आधी दांड्याखालून पाय घालून, मग दांड्यावरून, मग सीटवर. दोन पावसाळे त्यात गेले. हे आईला माहीत होतं, वसाहतीला माहीत होतं, कालव्यावरच्या म्हशींना माहीत होतं. फक्त अण्णांना माहीत नव्हतं.

तर मोरीचं दार उघडलं. आधी सायकल बाहेर आली, मग अण्णा, मग मुकुंद. दोघांच्या चेहऱ्यावर गाभाऱ्यातून आल्यासारखी प्रसन्नता होती.

"पोहे घ्या," आई म्हणाली.

"घेतो घेतो," अण्णा म्हणाले, "आधी यांची बघू. चला मास्तर."

आणि दोघं अंगणात गेले. मी ट्रे घेऊन पुन्हा आत गेले. पोहे गार झाले म्हणून परत परतले, वरून पुन्हा कोथिंबीर घातली आणि पुन्हा बाहेर आले. तोवर आत्यांची दुसरी बशी चालू झाली होती.

"तू बस गं," त्या म्हणाल्या. "मी बघते तुला. नाव काय?"

"उज्ज्वला."

"शिक्षण?"

"बी.ए., बी.एड."

"सैपाक?"

"येतो."

"पोहे तूच केलेस?"

"आईनं."

"खरं बोलतीस," आत्या म्हणाल्या. "मला पसंत हाईस. त्याचं त्याला इचार."

त्याला विचारायला तो सापडायला हवा. मी दाराशी जाऊन बघितलं. मुकुंदांची सायकल तगरीच्या झाडाला टेकवून ठेवली होती. तिला बघून माझाही राग क्षणभर थांबला, हे खरं सांगते. पोपटाच्या पंखासारखा हिरवा रंग, त्यावर केसाएवढ्या बारीक सोनेरी रेघा. मडगार्ड नाही, स्टँड नाही, कॅरिअर नाही, हँडलला ब्रेकच्या दांड्यासुद्धा नाहीत. नुसती सायकलची आकृती. फ्रेम त्यांनी पुण्याच्या जुन्या बाजारातून उचलली होती आणि रंग स्वतः दिला होता.

"ह्या रेघा कशानं मारल्या?" अण्णा गुडघ्यांवर बसले होते.

"खारीच्या केसाचा ब्रश. श्वास धरून मारायची. मधे सोडला तर रेघ थरथरते."

"एवढी लांब रेघ? एका श्वासात?"

"सहा महिने सराव केला."

अण्णांनी मागचं चाक उचलून फिरवलं आणि कान जवळ नेला. "आवाजच नाही हो हिला! आमची बघा कशी टिकटिक करते, घड्याळासारखी."

"टिकटिक चांगलीच असते. पण ही मांजरासारखी. आली कळत नाही."

"मांजराचं ठीक आहे. पण माणसाला पुढं काय चाललंय ते कळायला हवं."

"त्यासाठी घंटी आहे ना."

"घंटीवरून आठवलं," अण्णा म्हणाले आणि आपली सायकल आणून त्यांनी घंटी वाजवली. मग दोघंही बोट वर करून, आवाज विरेपर्यंत, उभे राहिले. वसाहतीतली दोन कुत्रीही थांबली.

तेवढ्यात आईनं मला आत ओढलं. "चहा ने आता. आणि पदर बघ आधी, उलटा घेतलायस!" मी नारायणपेठीचा पदर सोडून सरळ केला, तेवढ्यात बाहेर मुकुंद अण्णांना सायकलचं काहीतरी समजावत होते आणि अण्णा "वा! वा!" करत होते. ते काय होतं, ते मला ऐकायला मिळालं असतं तर पुढचं काही झालंच नसतं.

मी चहा घेऊन अंगणात गेले. दोघं उकिडवे बसले होते. मुकुंदांनी खिशातून खोकल्याच्या गोळ्यांची एक चपटी डबी काढली होती.

"चहा," मी म्हणाले.

"आण," अण्णा म्हणाले. त्यांनी कप उचलून जमिनीवर ठेवला आणि खालची बशी घेतली. मुकुंदांनी डबी बशीत ओतली. आतून सायकलचे पोलादी छर्रे निघाले, नवेकोरे, मोहरीच्या दाण्यांएवढ्यापासून वाटाण्याएवढ्यांपर्यंत. अण्णांनी बशी गोल फिरवली आणि छर्रे किणकिणत फिरायला लागले.

"अहाहा!" अण्णा म्हणाले.

"ऐकलंत ना?" मुकुंद म्हणाले. "एकही खोटा नाही."

मी तिथेच उभी होते. मला वाटलं, आता तरी मान वर होईल. आणि झाली. मुकुंदांनी वर बघितलं, सरळ माझ्या तोंडाकडे. अडीच तास नेसवलेलं नारायणपेठी, अबोलीचा गजरा, आईचे मोत्याचे कानातले, सगळं त्यांच्यासमोर होतं.

ते म्हणाले, "जरा बाजूला होता का? उजेड अडतोय."

मी बाजूला झाले. ट्रे तुळशीकट्ट्यावर ठेवला, निऱ्या वर ओढल्या, मागे कासोट्यासारख्या घट्ट खोचल्या. तगरीला टेकलेली हिरवी सायकल घेतली, फाटकाबाहेर काढली, एक पाय पायडलवर ठेवून तीन ढांगा मारल्या आणि दांड्यावरून टांग टाकून बसले.

 मागे बशी पडल्याचा आवाज आला.

आत्यांचं वाक्य आईनं मला नंतर सांगितलं. त्या दारात येऊन म्हणाल्या होत्या, "ही पसंती म्हणायची का पळून जाणं?"

कालव्याचा रस्ता सरळ आहे. एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला उतार आणि खाली ऊस. ती सायकल कशी चालायची हे शब्दांत सांगणं अवघड आहे. सोपानकाकांची सायकल म्हणजे जात्यावर बसल्यासारखं होतं. ही मी नुसतं मनात आणायची खोटी, की पुढे निघायची. गजरा सुटून मागे गेला. एक चप्पल गेली. दुसरी मीच टाकून दिली. राग कुठल्या वळणावर संपला ते मला कळलं नाही. मी हसत होते. मोठ्यानं, एकटीच.

मग मागून टिकटिक ऐकू आली.

वळून बघितलं, तर अण्णा. काळ्या सायकलवर वाकून, तोंड लाल, धोतर फुग्यासारखं. आणि मागे कॅरिअरवर दोन्ही पाय पसरून मुकुंद खटावकर. डबलसीट! त्या सायकलवर! घंटी एकसारखी वाजत होती.

"उजे!" अण्णा ओरडले. "हँडल घट्ट धर!"

"उलटं!" मुकुंद ओरडले. "उलटं! उलटं!"

मी पदराकडे बघितलं. मघाशी सरळ केला होता. पुन्हा उलटा झाला की काय? एक हात सोडला, चालत्या सायकलवर पदर खांद्यावरून काढला, बघितला, झटकला, परत टाकला. सरळच होता.

"उलटं मारा हो!"

आता मात्र थांबून विचारावं असं ठरवलं आणि तेव्हा लक्षात आलं की थांबायचं कसं हेच ठाऊक नाही. हँडल वरून चाचपलं, खालून चाचपलं. ब्रेक नाहीत. समोरून म्हशींचा कळप येत होता. डावीकडे कालवा, माणूस बुडेल एवढा. मी उजवीकडे हँडल वळवलं आणि उतारावरून खाली निघाले. उतार संपतो तिथे उसाला पाणी नेणारी चारी होती, गुडघाभर पाण्याची. पुढचं चाक तिच्या काठच्या दगडावर आपटलं. सायकल एकीकडे गेली, मी दुसरीकडे. पाणी थंड होतं, चिखल मऊ होता.

मी उठून बसले, तोवर वर रस्त्यावर धाडकन आवाज झाला. अण्णांनी सायकल स्टँडवर लावली नव्हती. तिरकी उभी केली नव्हती. धावतीच टाकून दिली होती, मागे मुकुंद बसलेले असताना. धोतर सावरत ते उतारावरून घसरत खाली आले आणि चपलांसकट पाण्यात उतरले.

"लागलं का? कुठं लागलं? हात हलव. दुसरा. बोटं हलव. मान फिरव बघू."

माझा एकेक सांधा त्यांनी फिरवून बघितला.  मी त्यांना असं कधी बघितलं नव्हतं, म्हणून मीच म्हणाले, "अण्णा, काही झालेलं नाही मला." तेव्हा ते चारीच्या काठावर मटकन बसले.

मग मी वर बघितलं. मुकुंद उठले होते. त्यांच्या कोपरातून रक्त येत होतं. त्यांनी अण्णांची सायकल उभी केली होती, पुढचं चाक गुडघ्यांत धरून वाकडं झालेलं हँडल सरळ केलं होतं, आणि आता रुमालानं गिअरकेसवरची माती पुसत होते. मग त्यांनी ती सावकाश स्टँडवर लावली, आणि त्यानंतर खाली आले.

माझा गेलेला राग परत आला. "अहो, तुमची सायकल इथं पाण्यात पडलीय!"

"दिसतीये," ते म्हणाले.

"मग?"

"तिच्याजवळ तुम्ही होतात. तुमच्याजवळ तुमचे वडील होते. त्या बिचारीजवळ कोणीच नव्हतं."

 मी म्हणाले, "आणि उलटं उलटं काय ओरडत होतात?"

"पायडल उलटं मारायचं. मागच्या चाकात ब्रेक आहे. उलटं पायडल मारलं की थांबते."

"मग पायडल म्हणायचं ना! मला वाटलं पदर उलटा आहे!"

त्यांनी थोडा विचार केला. "चुकलं माझं. वाक्य अर्धंच होतं. मी चित्रकलेचा आहे, भाषेचा नाही."

अण्णा काठावर बसून माझ्याकडे एकटक बघत होते. "तुला कोणी शिकवलं?"

आता लपवून उपयोग नव्हता. "सोपानकाकांनी."

"कधी?"

"तुम्ही मीटिंगला गेलात की."

"किती दिवस?"

"दोन वर्षं. अण्णा, मला माळवाडीला जायचंय. नऊ किलोमीटर मला काहीच नाहीत. मी कालच सोपानकाकांच्या सायकलवरून शाळा बघून आले. उद्या हजर व्हायचंय आणि पत्र तुम्ही घड्याळामागे ठेवलंय."

 मला वाटलं, आता अण्णा ओरडतील. निदान सोपानकाकांच्या नावानं तरी. पण ते मुकुंदांकडे वळले, आणि त्यांचा आवाज एकदम बदलला. तो आवाज मी ओळखत होते. तो घरी आलेल्या प्रत्येकाला ऐकावा लागायचा, कालपर्यंत फक्त एकाच वस्तूबद्दल.

"बघितलंत मास्तर? एक हात सोडून पदर सावरला तिनं. चालत्या सायकलवर. हँडल हललं का?"

"नाही हललं," मुकुंद म्हणाले.

"आणि सीट तिला दोन इंच उंच होतं. पाय पुरत नव्हता, तरी तोल बघा. म्हशी बघितल्या आणि कालवा सोडून चारी निवडली. एवढ्या वेगात. ही अक्कल शिकवून येत नाही."

"नाही येत."

"माझी मुलगी आहे," अण्णा म्हणाले.

मी चिखलात बसले होते, कानातला एक मोती गेला होता. बावीस वर्षांत त्यांनी मला कोणाला असं दाखवलं नव्हतं.

आम्ही तिघं चालत परत आलो. अण्णांच्या हातात काळी सायकल, मुकुंदांच्या हातात हिरवी. तिचं पुढचं चाक दारू प्यायल्यासारखं झुलत होतं. अंगणात आई आणि आत्या उभ्या होत्या.

"काय ठरलं?" आत्यांनी विचारलं.

"रिमचा आऊट काढावा लागेल," अण्णा म्हणाले. "आठ-दहा तारा कमी-जास्त कसाव्या लागतील."

"सायकलीचं न्हाई इचारत. पोरीचं काय ठरलं?"

अण्णांनी मुकुंदांकडे बघितलं, मुकुंदांनी अण्णांकडे. हा विषय निघालाच नव्हता हे दोघांच्याही तेव्हाच लक्षात आलं. मी आत जाऊन दार लावून घेतलं.

साडेपाचच्या एस.टी.नं ते दोघं गेले. सायकल आमच्याकडे राहिली. "पुढच्या रविवारी न्यायला येतो," मुकुंद म्हणाले. जाताना ते माझ्या खिडकीशी थांबले. "उद्या शाळेत जायचं काय करणार?"

"माहीत नाही."

ते अण्णांकडे बघत राहिले, बराच वेळ. अण्णा आभाळाकडे बघत राहिले.

सोमवारी उजाडता उजाडता मला पान्याच्या आवाजानं जाग आली. बाहेरच्या खोलीत अण्णा गुडघे टेकून बसले होते. काळ्या सायकलचं सीट, अठ्ठावन्न सालापासून त्यांच्या उंचीला असलेलं, ते खाली घेत होते. पाना फिरत नव्हता. त्यांनी तेल सोडलं, थांबले, पुन्हा जोर लावला. शेवटी कर्रकन आवाज आला आणि सीट दोन इंच खाली बसलं.

"उभी काय राहिलीस? बसून बघ," ते वर न बघता म्हणाले.

सहावारी नेसून दांड्याच्या सायकलवर नऊ किलोमीटर जाणं शोभलं नसतं, म्हणून आईनं मला आपलं नऊवारी नेसवलं. माळवाडीच्या मुलांना पहिले आठ दिवस वाटायचं, बाईंची कोणीतरी आजी आली आहे. मी निघाले तेव्हा घड्याळामागचं पत्र माझ्या पिशवीत होतं आणि अण्णा फाटकाशी उभे होते. "खड्ड्यात उतरू नकोस. आणि डबलसीट कोणाला घ्यायचं नाही," ते म्हणाले.

"मग तुम्ही कालव्यावर कसे जाणार?"

तेव्हा त्यांनी तगरीआडून हिरवी सायकल काढली. चाक सरळ झालेलं होतं. खाकी सदरा, धोतर, डोक्याला टोपी, अशा थाटात ते त्या सडपातळ सायकलवर बसले आणि मांजरासारखे, काडीचा आवाज न करता, निघून गेले. त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी ओळखलं, कारण आदल्या दिवशी तेच माझ्या चेहऱ्यावर असणार.

आई म्हणाली, "तुझ्यासाठी वगैरे काही नाही हो. त्यांना ती हिरवी चालवायची होती."

असेलही. मी काही विचारलं नाही. आजपर्यंत विचारलेलं नाही.

पुढच्या रविवारी मुकुंद आले. अण्णांनी त्यांना बसवलं, चहा दिला आणि गंभीर तोंडानं सांगितलं, "आऊट अजून निघाला नाही. रिम हट्टी आहे." मुकुंदांनी मान हलवली. मग ते दोघं अंगणात बसले, अधूनमधून मीही बसले, शाळेतल्या गमती निघाल्या, संध्याकाळची एस.टी. आली. त्याच्या पुढच्या रविवारी दोन तारा कमी पडत होत्या. त्याच्या पुढच्या रविवारी हवामान दमट होतं. असे पाच रविवार गेले. रोज अण्णा हिरव्या सायकलवरून कालव्यावर जात होते आणि मला त्यांच्याऐवजी लाज वाटत होती.

सहाव्या रविवारी मुकुंद एस.टी. स्टँडवरून चालत आले. अण्णा मागे पडवीत होते. दारात मी होते.

"निघाला का आऊट?" त्यांनी विचारलं.

मला राहवलं नाही. "तुम्ही फार साधे आहात हो. आऊट पहिल्याच सोमवारी निघाला. अण्णा रोज चालवतात ती सायकल. दर रविवारी तुम्हाला फसवतात, आणि तुम्ही पंचवीस किलोमीटर येता नि रिकाम्या हातानं परत जाता."

मुकुंदांनी चप्पल काढली. ह्या वेळी दोन्ही काढल्या. माझ्याकडे बघितलं, अगदी सरळ, आणि हसले.

"ठाऊक आहे मला," ते म्हणाले. "पहिल्याच रविवारी तगरीमागे जाऊन मी चाक फिरवून बघितलं होतं."

मग ते उंबरा ओलांडून आत आले आणि त्यांनी चहा मागितला. मी तो ठेवायला आत गेले, तेव्हा माझे कान तापले होते.

ते पाच रविवार कशासाठी येत होते, हे अण्णांच्या लक्षात यायला मात्र आणखी दोन रविवार लागले.